तीन प्रतींतले गुरुजी

अहिल्यानगरच्या सावेडीत पाइपलाइन रोडपासून भिस्तबागेपर्यंत कुठल्याही गल्लीत उभं राहून ‘अहो गुरुजी’ अशी हाक मारली, तर निदान तीन गॅलऱ्यांतून माणसं डोकावतात. नोकरी पाथर्डी-शेवगावकडच्या एखाद्या वस्तीशाळेत आणि मुलांच्या क्लाससाठी घर सावेडीत, हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा ठरलेला संसार. या माणसाने हयातभर परीक्षा घेतल्या. शिष्यवृत्तीच्या वर्गावर ‘पिशव्या बाहेर ठेवा रे’ म्हणून दरडावलं, कंपासपेटी उघडून पाहिली, पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं सूत्रही पकडलं. अशा माणसावर पन्नाशी उलटल्यावर परीक्षेला बसायची पाळी आली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी. शिक्षणहक्क कायदा येण्याआधी नोकरीला लागलेले असले तरीही. नाही झाले, तर नोकरी सोडावी. पाठोपाठ २३ नोव्हेंबर २०२५ ची महाराष्ट्र टीईटी आली आणि सावेडीतल्या घराघरांत गुरुजी पिशवी भरायला बसले. ही पिशवी पाहून लोक हसतात. हसायला माझी हरकत नाही. पण ती पिशवी भित्रेपणाची आहे, असं जे म्हणतात ते मला पटत नाही. माझ्या मते ती सरकारी नोकरीतल्या पंचवीस वर्षांच्या शहाणपणाची आहे.

आधी हे गुरुजी कोण, ते पाहू. निकालाच्या वेळी वय बावन्न, जन्मतारीख १ जून १९७३. ही तारीख आईने सांगितलेली नाही. शाळेत नाव घालताना त्या वेळच्या गुरुजींनी मुलाकडे एकदा पाहिलं, अंदाज बांधला आणि रजिस्टरात लिहून टाकली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या निम्म्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो तो याच कृपेने, आणि पुढे आपल्या या गुरुजींनीही शेकडो पोरांना हाच वाढदिवस वाटला. मात्र त्या जुन्या गुरुजींनी हात थोडा सैल सोडून १९७२ लिहिलं असतं, तर निकालाच्या दिवशी पाच वर्षांहून कमी सेवा उरली असती आणि बढतीचा मोह सोडला की परीक्षाच टळली असती. एका आकड्याने घात केला. कागदावर पडलेला एक आकडा माणसाला पन्नास वर्षांनी कुठे नेऊन बसवतो, हे ज्याने भोगलं तो कागदाच्या बाबतीत हलगर्जी कसा राहील?

परीक्षेला मुळात लागतं काय? प्रवेशपत्र, फोटो असलेलं मूळ ओळखपत्र आणि बॉलपेन. शर्टाच्या खिशात मावेल एवढा ऐवज. गुरुजींच्या पिशवीत प्रवेशपत्राच्या तीन प्रती असतात. पहिली दाखवायला. दुसरी, पहिली हरवली तर. तिसरी, कारण पहिलीच्या पाठीवर त्यांनी पेन उमटतं का ते पाहायला दोन गिरगोट्या मारल्या आणि मग ‘प्रवेशपत्रावर काहीही लिहू नये’ असं कुठे म्हटलंय का, या शंकेने रात्री साडेनऊला प्रोफेसर कॉलनीतलं झेरॉक्सचं दुकान गाठलं. आधारकार्डावर पत्ता अहमदनगरचा, प्रवेशपत्रावर जिल्हा अहिल्यानगर. म्हणून ऑक्टोबर २०२४ च्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत, प्रतीवर मुख्याध्यापकांचा शिक्का. सहा पेनं, सहाही चालवून पाहिलेली. खिशातलं लाल पेन मात्र काढून ठेवताना हात घुटमळतो, कारण ते पेन नसलं की आपण नेमके टेबलाच्या कुठल्या बाजूला आहोत हे त्यांना कळेनासं होतं. जवळचा चष्मा, लांबचा चष्मा, बीपीची गोळी. नगरची नोव्हेंबरातली सकाळ म्हणून स्वेटर आणि कानटोपी. दोन्ही पेपर एकाच दिवशी, पहिला साडेदहा ते एक, दुसरा अडीच ते पाच. म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. त्यात मुलगी घरात ‘नीट’ परीक्षा देऊन बसलेली. ती तिचा कायदा लावते. ‘पप्पा, फुल बाह्या चालत नाहीत. बूट नका घालू. बाटलीचं लेबल काढा.’ गुरुजी म्हणतात, ‘अगं, मला डॉक्टर नाही व्हायचं, आहे तोच मास्तर राहायचंय.’ म्हणतात, आणि गपचूप लेबल खरवडतात.

हे सगळं हास्यास्पद वाटतं, पण या माणसाला पिशवी भरायला कोणी शिकवलं ते विचारा. निवडणुकीच्या आदल्या दिवशी हाच शिक्षक मतदान अधिकारी म्हणून साहित्य ताब्यात घेतो. यंत्र तर असतंच. शिवाय लाख, मेणबत्ती, काडेपेटी, सुतळी, टाचण्या, न पुसणारी शाई, रंगीबेरंगी लिफाफे आणि नमुन्यांचे गठ्ठे. यादीशी ताडून एकेक वस्तू मोजून घ्यायची, आणि सुतळी कमी पडली तर जबाबदार तोच. जनगणना त्याच्याकडे, मतदारयाद्या त्याच्याकडे. बदलीसाठी ऑनलाइन अर्ज भरला तरी छापील प्रत पंचायत समितीत द्यावी लागते. पोषण आहाराची नोंद अ‍ॅपवर केली तरी वही वेगळी ठेवावी लागते. ‘तीन प्रतींत सादर करावे’ हे वाक्य ज्याच्या कानावर सुप्रभातासारखं रोज पडलं, त्याने एका प्रतीवर भरवसा ठेवून घराबाहेर पडायचं म्हणजे आयुष्यभराच्या प्रशिक्षणावर पाणी सोडायचं.

यावर पहिला आक्षेप असा की, सूचना छापील आणि स्वच्छ आहेत, मग शंका कशाला? छापील सूचना आणि फाटकावरची सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गुरुजींना पक्कं ठाऊक आहे. का ठाऊक आहे? कारण फाटकावर आजवर ते स्वतः उभे होते. ‘वरून तोंडी आदेश आलाय’ असं सांगून त्यांनीच कितीदा तरी घड्याळं काढायला लावली. शिवाय या परीक्षेची पूर्वपीठिकाही साधी नाही. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पुढे २०१९-२० च्या परीक्षेतला गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघडकीला आणला, परीक्षा परिषदेचे तेव्हाचे आयुक्तच अटकेत गेले आणि २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. आता दाराशी मेटल डिटेक्टर, अंगठ्याचा ठसा, चेहऱ्याची पडताळणी आणि वर्गात कॅमेरा. गुण वाढवून घेतले कोणी, वाढवून दिले कोणी, आणि कानटोपी काढून कान दाखवायचे कोणी? ज्याच्याकडे संशयित म्हणून पाहिलं जातं, तो निर्दोष असल्याचे कागद बरोबर ठेवणारच.

दुसरा आक्षेप तरुणांचा. डी.एड. झालेली पोरं पारदर्शक पाकिटात तीन वस्तू घालून, गाडीला किक मारून दहा मिनिटांत केंद्रावर पोहोचतात. गुरुजींनाच आदल्या दिवशी केंद्र पाहून येण्याची, वर्गखोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे हे हेरून ठेवण्याची गरज का पडावी? मुद्दा चांगला आहे, पण दोघांचं काय पणाला लागलंय, याचा हिशेब त्यात चुकतो. तरुण नापास झाला तर त्याला न मिळालेली नोकरी मिळत नाही, एवढंच. त्याचं दुःख खरं आहे, पण त्याच्या ते सवयीचं झालंय. गुरुजी ठरलेल्या मुदतीत पास झाले नाहीत, तर मिळालेली नोकरी जाते, बंगल्याचा हप्ता थकतो आणि ज्या पोरांना त्यांनी बाराखडी शिकवली, ती ‘आमचे गुरुजी नापास’ हे वाक्य शुद्धलेखनाची एकही चूक न करता लिहू शकतात. पासाला १५० पैकी ९० गुण, राखीव प्रवर्गाला थोडी सवलत. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्राचे तीस गुण आणि चार पर्यायांत मुलाचं मन. वर्गात रोज चाळीस मनं हाताळणाऱ्याला नेमका तोच विभाग जड जातो, कारण चारही पर्याय त्याने कधी ना कधी बरोबर ठरताना पाहिलेले असतात. डोक्यातलं जिथे उपयोगी पडेल याची खात्री नाही, तिथे माणूस पिशवीतल्याची खात्री करून घेतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार. पिशवी फाटकाबाहेरच ठेवावी लागते. मग भरायची कशाला? इथे मात्र टीकाकारांनी सकाळी नऊला फाटकाशी उभं राहून पाहावं. त्या पारदर्शक पाकिटवाल्या पोरांपैकी एकाचं पेन उमटत नाही, एकीच्या ओळखपत्रावर माहेरचं नाव आणि प्रवेशपत्रावर सासरचं, एकाला फोटो चिकटवायला गोंद हवा. रविवारची सकाळ, झेरॉक्सवाल्याचं शटर खाली. तेव्हा गुरुजी पिशवी उघडतात. सहातली चार पेनं वाटली जातात, गोंदाची नळी हातोहात फिरते, नाववाल्या मुलीला ‘राजपत्राची प्रत आहे का गं जवळ? नसेल तर आधी केंद्रसंचालकांना भेट, रांगेत उभी राहू नकोस’ असा रोकडा सल्ला मिळतो. आणि नकळत आवाज चढतो, ‘रांग सरळ करा, मोबाइल बंद करून ठेवा.’ सगळे ऐकतात. खुद्द पर्यवेक्षकही दोन पावलं मागे सरतो, कारण हे परीक्षार्थी आहेत हे त्याच्या ध्यानातच येत नाही. शिक्षक म्हणून पात्र कोण, हा प्रश्न तासाभराने वर्तुळं काळी करून सोडवायचा असतो. त्यातला बराचसा भाग फाटकावर फुकटात सुटलेला असतो, पण त्याला गुण नाहीत.

शिक्षकाला पात्रता नको, असं यातून कोणी काढू नये. मुलाला शिकवणाऱ्याला विषय आला पाहिजे, ही अपेक्षा रास्त आहे आणि ‘आम्हाला कशाला परीक्षा’ हा सूर ज्याने जन्मभर इतरांची घेतली त्याला शोभत नाही. गुरुजींनाही हे आतून मान्य आहे. टीईटीविरोधी मोर्चात घोषणा देऊन ते संध्याकाळी सरावप्रश्नसंच सोडवतात, त्यात विसंगती काही नाही. तक्रार आहे ती वजनाची. व्यवस्था माणसावर जितका कमी विश्वास टाकते, तितकं त्याच्या खांद्यावरचं ओझं वाढतं. परीक्षा परिषदेला ते हलकं करायचं असेल, तर तिने एकच स्वच्छ परिपत्रक काढावं: फक्त तीन वस्तू आणाव्यात, फाटकावर चौथी कोणी मागणार नाही. ते परिपत्रक निघालं तर गुरुजी मनापासून स्वागत करतील आणि परीक्षेला येताना त्याची प्रत घेऊन येतील. साक्षांकित, तीन प्रतींत.