उल्का आणि टमरेल

17 नोव्हेंबर 1998 च्या रात्री अख्खं पवनार गाव धाम नदीच्या काठावर लोटलं होतं. निदान आम्हाला तरी तसं वाटलं. टेम्पल-टटल नावाचा धूमकेतू दर 33 वर्षांनी येतो, मागे धूळ सांडतो, पृथ्वी त्या धुळीत शिरली की सिंह राशीतून उल्कांचा पाऊस पडतो, असं पेपरात आलं होतं. 1966 साली तो अमेरिकेत पडला. आता आपली पाळी!

आम्ही रात्री साडेआठलाच आश्रमाखालच्या खडकावर सतरंजी टाकली. काकाजींनी कानटोपी चढवली, आईनं शेंगदाणे काढले. सिंह रास एकच्या सुमारास उगवते, हे आम्हाला एक वाजताच कळलं. अमावस्या दोन दिवसांवर होती, पण रोज न चुकता जाणारी वीज त्या रात्री गेलीच नाही. गावातले दिवे पहाटेपर्यंत फकफकत होते.

चार वाजताचा हिशोब : उल्का सात, त्यातली दोन विमानं, डास अगणित.

"येवढे तं आपल्या आंगनातूनबी दिसतात ना गा!" म्हणून काकाजी उठले.

सकाळी टपरीवर कळलं, पाऊस आदल्या दिवशीच येऊन गेला. अंदाजाच्या सोळा-एक तास आधी. आणि आमच्या गावात तो पाहिला कोणी, तर टमरेल घेऊन नाल्याकडे गेलेल्या शेजारच्या मामाजींनी.

"हे मोठे मोठे गोळे जात होते बाबू. एकाच्या उजेडात तं माही सावली पडली."

"मंग आम्हाले उठवलं काहून नाई?"

"कसा उठवू? म्या बसलो होतो ना!"

पुढे वाचलं, ते गोळे म्हणजे धूमकेतूनं 1333 साली सांडलेली धूळ होती. तेव्हा दिल्लीच्या गादीवर महंमद तुघलक. तुघलकी धूळ सांगितल्या वेळी येईलच कशी? जुने पट्टे ग्रहांच्या ओढीनं सरकत राहतात, त्यामुळे गणित चुकतं. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञांनी ते मिनिटांपर्यंत जुळवलं. वादळ अगदी वेळेवर आलं. फक्त तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी उन्हात दात घासत होतो.

मग मी नाद सोडला. आणि 2 एप्रिल 2022 ला, पाडव्याच्या संध्याकाळी, पुरणपोळी जिरवायला गच्चीवर फिरत होतो, तर जळत्या गोळ्यांची रांगच्या रांग डोक्यावरून गेली! "उल्का, उल्का" म्हणून मी सगळी गल्ली गोळा केली. जाणकारांनी सांगितलं, ते चिनी अग्निबाणाचं भंगार होतं. त्याचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला सापडलं, गोळा पवनपारला. नावातल्या एका 'प'मुळे पुण्याच्या मावशीनं मला दोन दिवस फोनवर धीर दिला.

धूमकेतू 2031 साली परत येतोय. या खेपेला पेपरवर विसंबायचं नाही, असं ठरवून मी मामाजींना गाठलं. म्हटलं, पहाटे काही दिसलं तर हाक मारा.

मामाजींनी मान हलवली. "आता कायचं दिसते बाबू? घरातच संडास झाला ना. वरतून स्लॅब हाय."