मुर्रीतील निवांत दिवस : स्वरूप व कार्यपद्धती

सेवानिवृत्ताचा निवांत दिवस महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्वत्र आढळतो. त्याचा चांगला नमुना गोंदिया शहराला खेटून असलेल्या मुर्रीत पाहायला मिळतो. गाव म्हणावे तर शहर हाकेवर, शहर म्हणावे तर पलीकडे धानाच्या बांध्या. राज्य सरकारचा कर्मचारी इथे 58व्या वर्षी, चतुर्थ श्रेणीतला असेल तर 60व्या वर्षी, आरामाला मोकळा होतो. जुन्या पिढीतला माणूस नोकरीला लागला भंडारा जिल्ह्यात आणि निवृत्त झाला गोंदिया जिल्ह्यातून. त्यासाठी बदलीचा अर्ज करावा लागला नाही. 1 मे 1999 रोजी जिल्हाच बदलला. काहींच्या सेवापुस्तकातली सर्वांत मोठी हालचाल तीच.

निवांत दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. गृहस्थ तेव्हा झोपलेले असतात. अंगणात सडा घातला जातो, पाणी भरले जाते, गाय दोहली जाते, चहा ठेवला जातो. हे सारे कर्मणी प्रयोगात सांगण्याचा प्रघात आहे, कारण कर्ता कोण, ही चौकशी घरात सहसा कोणी करत नाही.

सातच्या पुढे गृहस्थ सपरीत येतात. तिथे प्लॅस्टिकची खुर्ची असते, एका पायाखाली खापराचा तुकडा सरकवलेला. हिवाळ्यात ही खुर्ची उन्हाच्या मागे जाते, उन्हाळ्यात सावलीच्या. ती हलवायची वेळ झाली की आत हाक जाते. मग पेपर. आधी निधनवार्ता, कारण आपल्या बॅचचे किती उरले हा हिशेब रोजचा रोज केलेला बरा. त्यानंतर महागाई भत्ता. तो जानेवारी आणि जुलैपासून वाढतो, जाहीर मात्र सवडीने होतो, म्हणून फरकाची रक्कम पेपरच्या कोऱ्या कडेवर मांडावी लागते. नोकरीत असताना ज्यांच्या टेबलावर फायली महिनोन्महिने पडून राहत, त्यांचे हे गणित दहा मिनिटांत पुरे होते आणि पैशापर्यंत बरोबर येते.

शेवटी धानाची बातमी. 2025-26च्या हंगामासाठी केंद्राने साधारण धानाला क्विंटलमागे 2369 रुपये हमीभाव ठरवला; त्यावर राज्याचा बोनस मिळणार का, आणि मिळाला तर खात्यात कधी पडणार, यावर चर्चेला अंत नाही. सातबाऱ्यावर नाव असल्यामुळे गृहस्थ शेतकरीही असतात. शेती दिलेली असते बटईने, आणि चिखलात उतरणारे पाय दुसऱ्याचे असतात.

जनगणनेच्या व्याख्या या ठिकाणी फार उपयोगी पडतात. जमीन बटईला देऊन जो देखरेखही करत नाही, तो त्या व्याख्येत शेतकरी नाही. पण धुऱ्यावर उभा राहून खरोखर देखरेख करील, तर ते काम धरले जाते. म्हणजे हात पाठीमागे बांधून ‘पाणी जास्त झालं’ एवढे नियमाने सांगत राहिले, तरी माणूस कामकऱ्यांच्या रकान्याकडे सरकू शकतो. सांगितले नाही, तर तो निवृत्तिवेतनधारक, अर्थात काम न करणारा. घरातली बाई त्याच रकान्यात त्याच्या शेजारी बसते, कारण घरकाम हे जनगणनेत काम नव्हे. अपवाद गाईचा. 2011च्या जनगणनेत घरच्यापुरते दूध काढणेही काम मानले गेले. त्यामुळे बाई धार काढत असते तोवर ती कामकरी, आणि त्याच दुधाचा चहा उकळू लागला की बिनकामाची. एवढा बारीक विचार करणाऱ्या खात्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.

दुपारी भात, लाखोरीची डाळ आणि झोप. याविषयी मतभेद नाहीत.

साडेचारला पानठेला. पन्नीत खर्रा घोटला जात असतो, सुपारी तंबाखूत मुरेपर्यंत विषय बदलत राहतात. कोल्हापूरहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आज किती उशिरा, हा नेहमीचा. अख्खे राज्य ओलांडून ती गोंदियात संपत असल्याने उशिराला वाव भरपूर. दुसरा विषय जुन्या पेन्शनचा. 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर लागलेल्यांना ती नाही, आणि मार्च 2023मध्ये त्यासाठी राज्यभर संप झाला. ठेल्यावरच्या जुन्यांचा संपाला पाठिंबा होता. तो ठेल्यावरूनच होता. ‘आमच्या वेळी काम किती होतं’ हे वाक्य याच सुमारास येते. त्याला कोणी हरकत घेत नाही, कारण पाळी प्रत्येकाची यायची असते.

घरी परतल्यावर ‘दिवसभर बसून पाठ धरली’ अशी तक्रार नोंदवली जाते आणि तेल गरम केले जाते. पुन्हा कर्मणी प्रयोग.

असे निवांत दिवस सलग चालू राहावेत, यासाठी सरकार वर्षातून एकदाच तसदी देते. नोव्हेंबरात बँकेत जाऊन कोषागाराच्या यादीत आपल्या नावापुढे सही करायची, म्हणजे माणूस हयात ठरतो. 2014पासून अंगठा यंत्रावर ठेवूनही हयात होता येते. मात्र आयुष्यभर कागद सरकवून बोटांच्या रेषा पुसट झालेल्यांना यंत्र कधीकधी ओळखत नाही आणि त्यांना पुन्हा सहीकडे वळावे लागते. गृहस्थ त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालतात. बाई सोबत जाते, पिशवी आणि चष्मा सांभाळायला. तिची सही कोणी मागत नाही.

ती मागितली जाते गृहस्थ गेल्यावर. मग मूळ वेतनाच्या 30 टक्के दराने कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या नावे सुरू होते, यादीत तिचे नाव येते आणि नोव्हेंबरात तिलाही रांगेत उभे राहून आपण जिवंत असल्याचे सांगावे लागते. पुनर्विवाह केलेला नाही, हेही लिहून द्यावे लागते. त्या दिवशीही सडा, पाणी आणि धार आटोपूनच ती बँकेत पोहोचते.