अर्ज केला आहे

अंधेरीत जुन्या गिब्सन गिटारचा सौदा करताना जाणकार आधी तारांची कंपनं टिपणारा पिकअप उलटा करतो. खाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असं छापलेली काळी चिकटपट्टी दिसली, की भाव लाखांत. अर्ज या पिकअपचा, गिब्सनचा अभियंता सेथ लव्हरचा, १९५५चा. पेटंट १९५९मध्ये मिळालं, पण पट्ट्या १९६२पर्यंत लागतच राहिल्या. पुढे नंबर छापला तोही भलत्याच पेटंटचा, तारा अडकवायच्या टेलपीसचा! मग खरेपणा तपासायला पिकअपला मल्टिमीटर लावायचा: रोध आठेक किलोओहम. नवी नक्कलही तेवढंच दाखवते. तार तीच ४२ गेजची, चुंबक अल्निकोचाच. जुन्याचा ‘गोडवा’ बहुतेकांना किंमत कळल्यावरच ऐकू येतो. आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रासाठीही (ओसी) कित्येक वर्षं ‘अर्ज केला आहे’. तिला मात्र कोणी व्हिंटेज म्हणत नाही. उलट ओसी नसल्यामुळे पाण्याचं बिल दुप्पट येतं.