ड्रॅक्युलाची चीनवारी

१९७४ उजाडेपर्यंत ब्रिटनच्या हॅमर फिल्म्सचे दिवस फिरले होते. तळघरातली शवपेटी, किंचाळणारी नायिका आणि दारात उभा ड्रॅक्युला हे सगळं पाहून प्रेक्षक घाबरायचे सोडून जांभया देऊ लागले होते. त्यात आदल्याच वर्षी ब्रूस लीच्या ‘एंटर द ड्रॅगन’नं जगभर धुमाकूळ घातला. मग हॅमरनं हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सशी सोयरीक जुळवली आणि ‘द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स’ काढला. एका तिकिटात भुतंही आणि कुंग-फूही.

लग्नाला नवरदेवच आला नाही. ड्रॅक्युलाची भूमिका वर्षानुवर्षं गाजवणाऱ्या ख्रिस्तोफर लीनं नकार दिला. त्याच्या जागी जॉन फोर्ब्स-रॉबर्टसन उभा राहिला, पण आवाज मात्र तिसऱ्याचाच. हा ड्रॅक्युला सुरुवातीला दिसतो तो थेट शेवटी. मधला सगळा वेळ तो ‘का’ नावाच्या चिनी पुजाऱ्याच्या देहात असतो. (का, हे त्याचं नाव. प्रश्न तर प्रेक्षकाला पुढे पडायचेच आहेत.)

पहिला प्रश्न हिशेबाचा. ड्रॅक्युला हा देह चोरतो १८०४ साली आणि पुढची शंभर वर्षं चीनमध्ये काढतो. पण हॅमरच्याच १९५८च्या ‘ड्रॅक्युला’त पिशाचांचा शिकारी व्हॅन हेलसिंग यानं १८८५ साली युरोपात उन्हात धरून त्याची राख केलेली आहे. दोन्हीकडे व्हॅन हेलसिंग पीटर कशिंगच. त्यालाही ही गफलत खटकत नाही. तो चुंगकिंगच्या विद्यापीठात चिनी पिशाचांवर इतकं गंभीर व्याख्यान देतो की, श्रोते उठून गेले तरी प्रेक्षक बसून राहतो. कशिंगची ही खासियतच होती. समोर रबराचं वटवाघूळ असो की शेक्सपिअर, त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

दुसरी गंमत नावातली. पिशाचं सात म्हणून जाहिरात केलेली, पण नायक मंडळी त्यांनी छळलेल्या गावाकडे निघतात तेव्हा उरलेली असतात सहा. सातव्याचा निकाल एका साध्या शेतकऱ्यानं आधीच लावलेला असतो, आणि सिनेमातला सगळ्यात हुशार प्रसंग तोच आहे. शेतकरी पिशाचाच्या गळ्यातलं सोन्याचं पदक हिसकावून पळतो. पाठलाग होतो. जिवावर बेतलंय हे कळल्यावर तो ते पदक बुद्धाच्या छोट्याशा मूर्तीच्या गळ्यात अडकवतो. शेतकरी मरतो, पण पदक परत घ्यायला पिशाचानं हात घातला रे घातला की भडका उडतो.

व्हॅन हेलसिंग यामागचं तर्कशास्त्र सांगतो: युरोपातली पिशाचं क्रुसाला घाबरतात, तशी इथली बुद्धाला. म्हणजे ज्या गावचं भूत, त्या गावचा देव! क्रूस दाखवला की जगातलं कुठलंही भूत पळतं असं मानणाऱ्या हॅमरसाठी ही मोठीच झेप होती.

पण झेप तिथंच संपते. ते सोन्याचं पदक आहे वटवाघळाच्या आकाराचं. लंडनमध्ये वटवाघूळ म्हणजे अभद्र, हे ठीकच. चीनमध्ये मात्र ते शुभचिन्ह. पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं, म्हणून ती चिनीमातीच्या भांड्यांवर आणि रेशमी झग्यांवर हौसेनं काढतात. ज्याच्या धाकानं गाव थरथर कापतं, त्या पिशाचाच्या गळ्यात शुभचिन्ह! शिवाय चिनी लोककथेतलं ‘जियांगशी’ हे ताठरलेलं प्रेत, हात पुढे करून टुणटुण उड्या मारत येतं आणि माणसाची प्राणशक्ती ओढून घेतं. इथं मात्र मुलींना मेजांना बांधून मधल्या कढईत त्यांचं रक्त साठवतात. हा स्वयंपाक अस्सल हॅमरच्या मुदपाकखान्यातला.

तरीही सिनेमा उठू देत नाही. नायक डेव्हिड चियांग आणि सिनेमातले त्याचे भाऊ कुऱ्हाडी, भाले, तलवारी घेऊन तुटून पडतात, तेव्हा प्रेक्षक लोकसाहित्याचा अभ्यास बाजूला ठेवतो. अमेरिकेत १९७९मध्ये आलेली आवृत्ती इतकी कापलेली होती की ती मूळ सिनेमाची ओळख म्हणून कुणी बघू नये.

जियांगशीला न्याय मिळाला तो मूळ सिनेमानंतर अकरा वर्षांनी, हाँगकाँगच्याच ‘मिस्टर व्हॅम्पायर’मध्ये. रिकी लाऊनं दिग्दर्शित केलेल्या या विनोदी भयपटात लाम चिंग-यिंग ताओपंथी गुरू आहे. इथं पिशाचं श्वासावरून माणूस ओळखतात, म्हणून ती जवळ आली की सगळे गाल फुगवून श्वास रोखतात. कपाळावर मंत्राचा पिवळा कागद डकवला की पिशाच जागच्या जागी गप्प. आणि त्याच्या नखांचं विष उतरवायचं तर औषध एकच, चिकट तांदूळ. एका शिष्याला नखं लागतात, तेव्हा गुरू दुसऱ्याला तो तांदूळ आणायला पिटाळतो. दुकानदार मात्र त्यात साधा तांदूळ मिसळून देतो. बिचारा रुग्ण त्याच तांदळावर इमानेइतबारे नाचत राहतो, आणि तरीही हळूहळू पिशाच व्हायला लागतो.