हिंगोली जिल्ह्यातील समुद्रकिनारच्या घरांसमोर टिकाऊ ड्राइव्हवे कसा करावा

प्रस्तुत मार्गदर्शन हिंगोली जिल्ह्यातल्या समुद्रकिनारच्या घरमालकांसाठी आहे. त्यांची संख्या आजमितीला शून्य आहे. तरीही विषय तातडीचा आहे, कारण पुण्या-मुंबईला किंवा त्याच्याही पल्याड नोकरी करणारी मुलं तिकडच्या बंगल्यांचे व्हिडिओ घरी पाठवतात. फाटकापासून पोर्चपर्यंतची ती गुळगुळीत पट्टी, तिच्यावरून सुळकन आत येणारी गाडी, मागे माड आणि त्यामागे समुद्र. इकडे नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधणारे वडील ते तीनदा बघतात आणि मिस्तरीला फोन लावतात.

अरबी समुद्र हिंगोलीपासून सरळ रेषेत सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब आहे आणि हिंगोली समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. म्हणजे समुद्राला आपल्याकडे यायचं झालं तर त्याला आडवं जितके किलोमीटर चालावं लागेल, उभं तितकेच मीटर चढावं लागेल. तो येण्याची शक्यता कमी धरावी. जिल्ह्याला किनारे आहेत ते सिद्धेश्वर आणि इसापूरच्या जलाशयांचे. तिथलं पाणी हटलं की लोक उघड्या जमिनीवर गाळपेर करतात. ड्राइव्हवे करत नाहीत.

भरती-ओहोटी मात्र आपल्याकडे आहे, आणि ती थेट घराखाली आहे. दख्खनच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षं झिजत राहिला त्याची ही काळी जमीन. तिच्यातल्या चिकणमातीचे थर पाणी पिऊन फुगतात आणि पाणी गेलं की आक्रसतात. आषाढात ती वर येते, चैत्रात खाली जाते, आणि मध्ये इतक्या खोल भेगा सोडते की त्यात पडलेली किल्ली काढायला पहार लागते. मालवणला भरती दिवसातून दोनदा येते नि जाते, कुणाचं फाटक उचलत नाही. आपली वर्षातून एकदाच येते आणि फाटक, कुंपण, संडासाची टाकी असं सगळं थोडं थोडं उचलून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवते. तेव्हा काळीवर घर बांधलेला प्रत्येक माणूस किनाऱ्यावरच राहतो असं धरून पुढे जाऊ.

जागेची निवड

ही पायरी बहुतेकांच्या हातून निघून गेलेली असते, म्हणून थोडक्यात. जुन्या माणसांनी गाव पांढरीवर वसवलं आणि काळी पेरायला ठेवली. पांढरीवर वाडे उभे राहिले, गढ्या उभ्या राहिल्या, भिंती तीन-तीन पिढ्या टिकल्या. मग गाव वाढलं, रस्त्यालगतची शेतं एन.ए. झाली, चुन्याच्या फक्कीने चौकोन आखले गेले आणि ज्या जमिनीत कापूस उत्तम यायचा तिथे आपण पोर्च पेरला. आता तो उगवतोय, हा जमिनीचा दोष म्हणता येणार नाही. तिला दुसरं काही शिकवलेलंच नाही.

जमीन किती हलते, हे आधी समजून घ्यावं. या बाबतीत जिल्ह्याची कागदपत्रं परस्परविरोधी आहेत. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन सरळसोट हात काटकोनात, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही बारीक हालचाल पकडायची. अशा यंत्राला समुद्र जवळ असला की त्रास होतो. अमेरिकेत लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेला मेक्सिकोच्या आखातातल्या लाटांचे हादरे जमिनीतून पोचतात. समुद्र नसणं ही आपली पात्रता ठरलेलं बहुधा हे एकमेव काम असावं. दुसरीकडे २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का याच जिल्ह्यात बसला, १० जुलैला पुन्हा तितकाच, आणि वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातले लोक जमिनीतून येणाऱ्या गडगडाटाबद्दल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. तात्पर्य, विश्वातल्या दोन कृष्णविवरांची टक्कर इथे ऐकू यावी इतपत शांतता आहे आणि मधूनमधून जमीन स्वतःही बोलते. घरासमोरच्या पट्टीला या दोन्हींचा धोका नाही. तिला धोका मिस्तरीच्या एका वाक्याचा आहे:

"मालक, वरून सिमेंट टाकलं की काई व्हत नाही."

हे वाक्य ऐकल्यावर चहा पाजावा आणि टिकाव मागवावा.

खोदाई आणि भरणा

खरं काम इथे आहे आणि पूर्ण झाल्यावर त्यातलं काहीही दिसत नाही, म्हणून ते कुणाला करायचं नसतं. दहा फूट रुंद, तीस फूट लांब पट्टी धरली तर काळी निदान अडीच फूट काढावी. साडेसातशे घनफूट, म्हणजे साडेसात ब्रास. ही माती फेकू नये. माळावरच्या मुरमाड शेताचा मालक ती आनंदाने नेतो. तुमचा खड्डा ही त्याची सुपीकता आहे. त्याच्या बाजूचा मुरूम तुमच्याकडे यावा, हा जिल्ह्यातला सर्वांत न्याय्य व्यापार. फक्त मुरूम हे गौण खनिज असल्याने परवानगी आणि पावती असलेला घ्यावा. रात्री दोन वाजता, दिवे न लावता येणारी ट्रॉली स्वस्त पडते ती त्याच कारणाने.

मुरूम दाबल्यावर बसतो, तेव्हा साडेसात ब्रासच्या खड्ड्याला नऊ-दहा ब्रास सांगावा. एका ट्रॉलीत एक ब्रास असतो असं गुत्तेदार म्हणतो. ट्रॉलीला टेप लावला की ब्रासही थोडा कमी भरतो आणि गुत्तेदाराचा उत्साहही. मोजणी मालकाने स्वतः करू नये, संबंध बिघडतात. गणितात बरी असलेली शाळकरी पुतणी पाठवावी. तिच्याशी कोणी वाद घालत नाही.

खड्ड्यात वाळू किंवा नुसती खडी भरण्याचा सल्ला शेजारी देतील. त्यातून पाणी खाली उतरतं आणि खड्ड्याचा हौद होतो, मग त्या हौदाच्या तळाची काळी बारमाही पाणी पीत बसते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या जमिनीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा जाड, दाबलेला थर देण्याची पद्धत मांडली. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यांचं काळ्या जमिनीवरचं काम तिच्यामुळे सुधारलं. थोडी माती धरून असलेला चांगला मुरूम त्या वर्णनाच्या जवळ जातो. तो सहा-सहा इंचांच्या थरांनी टाकावा, प्रत्येक थरावर पाणी मारावं आणि रोलर फिरवावा. ओल बरोबर आहे का, हे मुठीत दाबून कळतं: गोळा बनला पाहिजे आणि तळहाताला पाणी लागता कामा नये.

मिस्तरीचं मत वेगळं असेल. सगळा मुरूम एकदम ओतायचा आणि एक पावसाळा जाऊ द्यायचा, तो आपोआप बसतो. हे खरं आहे. तो बसतो, कुठे बसायचं हे मात्र तोच ठरवतो.

वरचा थर

कोकणातल्या घरांची नक्कल इथे करू नये. रत्नागिरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आपल्याकडे आठ-नऊशे. तिथे खारा वारा काँक्रीटमधून आत शिरून सळई गंजवतो, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. पाखाड्या मात्र जांभ्याच्या: सळईच नाही, तर गंजणार काय. त्यावर शेवाळ धरतं आणि पाहुणे घसरतात, पण ते पाहुण्यांनी बघायचं. आपल्याकडे फुगणारी वस्तू वर नसून खाली आहे, त्यामुळे जांभा ट्रकने मागवला तरी तो पहिल्या श्रावणात लाट धरेल. समुद्र बघायचा असेल तर हा एक उपाय आहे.

उरतात काँक्रीट आणि गट्टू. काँक्रीट बिनचूक दिसतं, फोटोत छान येतं आणि काळी थोडी जरी वर आली तरी नकाशासारखं फाटतं. घालायचंच असेल तर दर आठ-दहा फुटांवर सांधा कापावा, म्हणजे ते निदान तुम्ही सांगाल तिथे फाटेल. माझं मत गट्टूचं. खालची जमीन हलली की गट्टू खालीवर होतात, पण फुटत नाहीत. उपटावेत, मुरूम सारखा करावा, पुन्हा बसवावेत. गट्टू ऐंशी मिलिमीटर जाडीचे घ्यावेत. साठचे पायी चालणाऱ्यांना पुरतात, आणि मुलाची गाडी पायी चालत नाही. कडेला काँक्रीटची पट्टी हवीच, नाहीतर कडेचे गट्टू हळूहळू शेतात परत जातात.

उंचीचा प्रश्न

जगभरात समुद्राची पातळी सध्या वर्षाला तीन-चार मिलिमीटरने वाढते आहे आणि त्यावर मोठ्या परिषदा होतात. आपल्या गल्लीतला सिमेंट रस्ता एका निधीत सहा इंचांनी वाढतो आणि फक्त नारळ फुटतो. जुना रस्ता न खरवडता त्याच्यावर नवा ओतायचा, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. त्यामुळे आज रस्त्यापेक्षा फूटभर उंच असलेलं घर दोन निवडणुकांत रस्त्याच्या पातळीवर येतं आणि तिसऱ्या निवडणुकीत त्याला तळघर म्हणता येतं. ड्राइव्हवेची उंची ठरवताना आजचा रस्ता बघू नये. नगरसेवकाचं वय बघावं. तो तरुण आणि कर्तबगार असेल तर आणखी दीड फूट भरणा करावा.

पाण्याला उतार घराकडून रस्त्याकडे ठेवावा, दर पन्नास फुटांना एक फूट. दोन्ही बाजूंना नाली काढावी. काळीचा सगळा रुसवा पाण्याशी आहे, ते पट्टीखाली गेलं नाही तर निम्मं भांडण मिटतं. कडुनिंब लावायचा तर पट्टीपासून लांब, कारण त्याची मुळं उन्हाळ्यात खालची ओल ओढतात आणि जमीन एका बाजूनेच खचते. नालीतलं पाणी हिंगोली शहरात असाल तर कयाधूत जाईल, तिथून पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात. सोबत मुरूमही जाईल. आपण समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचलो नाही तरी आपला ड्राइव्हवे पोचतो.

एक राहिलंच: बोअर आधी घ्यावा. बोअरच्या गाडीखाली आयआयटीसुद्धा टिकत नाही. त्यानंतर नळाची लाइन, नंतर सेप्टिक टाकी, नंतर शेजाऱ्याची त्याच रेषेतली पाइपलाइन, आणि हे सगळं झाल्यावर वर्षभर थांबून गट्टू. असं थांबलेलं घर माझ्या पाहण्यात नाही.

वापर

पट्टी तयार झाल्यावर तिच्यावर गाडी उभी राहील असा समज असतो. तो दिवाळीपर्यंत टिकतो. आधी सोयाबीन येतं. मग जानेवारीपासून हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मानांकन मिळालेल्या वस्तूला गाडीने धक्का लावायचा नसतो. शिजवलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात पडून राहते. पाच क्विंटल ओल्याची साधारण एक क्विंटल वाळलेली हाती येते, त्यामुळे जागा पाचपट लागते. इथे वरच्या सगळ्या मार्गदर्शनाला एक अडचण आहे. गट्टूंच्या फटींत बारीक हळकुंडं अडकतात. घरातल्या आजीने हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं: "बापू, सपाट कोबा कर, हळद टाकाया बरं पडंल." मालकाने तेव्हा अभियांत्रिकीची कारणं दिलेली असतात. आता ताडपत्री आणावी आणि कारणं पुन्हा देऊ नयेत.

गाडी या काळात रस्त्यावर, शेजाऱ्याच्या कडुनिंबाखाली लावावी. फाल्गुन-चैत्रात तिच्यावर मोहोर पडतो, म्हणून कव्हर विकत घ्यावं. मार्चमध्ये अवकाळीचा ढग दिसला की ते गाडीवरून काढून हळदीवर टाकावं लागतं, तेव्हा गाडी कितीही लहान असली तरी कव्हर मोठ्या गाडीचं घ्यावं.