जानेवारीत पाहिलेले घर

कोकणातील जुने चिरेबंदी घर विकत घेऊन दुरुस्त करावे की नाही, हा मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गाच्या निवृत्तिपूर्व चिंतनातला मध्यवर्ती प्रश्न होय. या चिंतनाचे पहिले वैशिष्ट्य असे, की त्यात निर्णय आधी होतो आणि विचार नंतर सुरू होतो; घर पाहण्यास निघालेले कुटुंब कशेडी घाटापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पडवीत झोपाळा कोठे टांगायचा यावर एकमत करून मोकळे झालेले असते, आणि त्यानंतरची सर्व चौकशी त्या झोपाळ्याला आधार देणारी तुळई शोधण्यापुरतीच उरते.

पाहणीचा हंगाम दिवाळीनंतर उघडतो आणि आंब्याबरोबर संपतो. या काळात भिंती कोरड्या असतात, खळे नुकतेच सारवलेले असते, आणि माजघरातील काळोख ‘नैसर्गिक गारवा’ या सदरात मोडतो. ज्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो, तेथील छपराची परीक्षा निरभ्र आकाशाखाली घेण्याची ही पद्धत शास्त्रीय नसली, तरी खरेदीदार व विक्रेता या दोघांनाही सोयीची आहे. भर आषाढात छत्री घेऊन दारात उभे राहणारे गिऱ्हाईक विक्रेत्यांच्या जगात बहुधा अपशकुनी मानले जात असावे.

मालकीचा प्रश्न मात्र ऋतुनिरपेक्ष आहे. सातबारा म्हणजे जमिनीचे हक्क नोंदवणारा गाव नमुना सात आणि पिके नोंदवणारा गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा. घर गावठाणात, म्हणजे गावाच्या मूळ वस्तीच्या जागेत असेल, तर असा उतारा बहुधा नसतो आणि विक्रेता ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा पुढे करतो; तो घरपट्टी कोणाच्या नावे आकारली जाते एवढेच सांगतो, घर कोणाचे हे सांगत नाही. घर शेतजमिनीवर असेल, तर कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्यास ती जमीन परवानगीवाचून घेता येत नाही. तेव्हा आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला खरेदीदार आपल्या पणजोबांच्या नांगराचा कागदोपत्री पुरावा शोधू लागतो, आणि घराण्याच्या इतिहासाविषयीची ही आस्था त्याच्या ठायी प्रथमच दिसून येते.

उताऱ्यावरील पहिले नाव बहुधा अशा गृहस्थाचे असते, ज्याच्या श्राद्धाची तिथी सर्वांना ठाऊक असून वारस नोंद कोणीच केलेली नसते. त्याच्या पाच शाखा, त्यांपैकी तीन बोरिवली ते बदलापूर या पट्ट्यात, आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या वेगळ्या. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो टिकतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही ‘आत्यांचे काही म्हणणे नाही’ हे वाक्य व्यवहारात आजही साक्षीपुराव्याच्या मोलाने चालते. फक्त हे म्हणणे आत्यांना कोणी विचारलेले नसते.

याहून सूक्ष्म असा एक बोजा वकिलाच्या तीस वर्षांच्या शोध अहवालातही सापडत नाही. तो म्हणजे गणपती. भावकीचा गणपती मूळ घरातच बसतो, आणि खरेदीखतात मिळकत निर्वेध व बोजारहित असल्याचे कितीही ठासून लिहिले असले, तरी भाद्रपदात चाळीस माणसे सामानसुमानासह त्या मिळकतीत प्रवेश करतात, नव्या मालकाच्या न्हाणीघरापुढे रांग लावतात आणि जुना फळीचा माळा का काढला याचा जाब त्यालाच विचारतात. मुद्रांक शुल्क भरून मिळालेला हक्क या हक्कापुढे बराच दुबळा ठरतो.

व्यवहार पुरा झाल्यावर तज्ज्ञांचे आगमन होते. ठेकेदाराच्या मते घर पाडून स्लॅब टाकणे स्वस्त. वास्तुविशारदाच्या मते घराचा आत्मा जपला पाहिजे, आणि आत्म्याचे शुल्क तो आगाऊ घेतो. मेहुण्याच्या मते त्याच पैशात पनवेलला दोन खोल्या आल्या असत्या. अंदाजपत्रकाचे स्वरूपही अभ्यसनीय आहे. प्रत्येक बाबीपुढे आकडा असतो, आणि शेवटी ‘उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही’ हे वचन असते. वाळवी लागलेला वासा बाहेरून जाडजूड दिसतो. रंध्रे उघडी पडतात ती कौले उतरवल्यावर, म्हणजे घर बिनछपराचे आणि मालक बिनपर्यायाचा झाल्यावर.

कौलांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हाताने घडवलेले नळे दरवर्षी पावसाआधी शाकारावे लागत, म्हणजे उतरवून, फुटके वगळून पुन्हा रचावे लागत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि त्यातून एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले प्रचारात येऊन हा त्रास बराच घटला. शाकारणीला माणसे मिळेनाशी झाली, माकडे मात्र मिळत राहिली; त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि अनेक छपरांवर पत्रा चढला. शहरातून आलेला मालक आधी कौलांसाठी घर घेतो, मग आवाज नको म्हणून पत्र्याला नकार देतो, आणि अखेरीस पत्रा घालून त्यावर शोभेची कौले बसवतो.

भिंतींची कथा अधिक खेदजनक आहे. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना मऊ आणि हवा लागल्यावर कठीण होणारा. तो पावसात ओल पितो आणि उघडिपीत सोडतो; मातीचा किंवा चुन्याचा गिलावा त्याला ती सोडू देतो, सिमेंटचा गिलावा मात्र तिला आतच कोंडतो. शंभर पावसाळे काढलेली भिंत म्हणून जिचे कौतुक खरेदीच्या वेळी झाले, तिच्यावर ‘मजबुतीसाठी’ दोन्ही बाजूंनी सिमेंट थापले जाते, आणि पुढच्या श्रावणात रंगाला फोड येतात. याचा दोष जुन्या बांधकामाला देण्याची प्रथा आहे. उपाय म्हणून ठेकेदार त्यावर जलरोधक रंगाचा आणखी एक थर सुचवतो, त्याची दहा वर्षांची हमी तोंडी देतो, आणि ती हमी वसूल करण्याची वेळ येईपर्यंत शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या एका निवृत्त गृहस्थाच्या भिंतीला सिमेंट लावत असतो.