संतूरवाले काका

संतूरवाले काका म्हणजे निवृत्त इंजिनिअर, हे जवळजवळ ठरलेलंच. त्या वयात काहीजण होमिओपॅथी शिकतात, काहीजण गिरनार चढतात. ज्यांच्या हातातून पाना सुटत नाही ते संतूर घेतात. शंभराच्या घरात तारा, म्हणजे पिळायला तितक्याच खुंट्या! कंपनीत एवढी माणसं हाताखाली कधी नव्हती.

काका वाजवतात कमी, जुळवतात जास्त. एसी लावला की तारा आखडतात, बंद केला की सैलावतात, आणि डोंबिवलीचा पाऊस थेट लाकडात शिरतो. शेवटची तार जुळेपर्यंत पहिली हललेली असते. यावर काकांचा शोध म्हणजे झापडवाला ट्यूनर. एकदा जुळवलेली तार तो पुन्हा दाखवतच नाही. अज्ञानात सूर!

मग उत्तरपेटी. वाद्य उघडलं की जो तो तेच विचारतो, म्हणून बटण दाबायचं, काकांच्याच आवाजात सुरू होतं, "नाही, हार्मोनियम खोललेली नाही. हो, मूळ काश्मीरचं. हो, शिवकुमार शर्माच ते. नाही, ‘सिलसिला’तलं येत नाही." शेवटचं वाक्य किंचित दुखावलेलं आहे.

समेच्या धांदलीत तबलजीकडे मान वळवली की हातातली अक्रोडाची कलम, म्हणजे वाजवायची छडी, भलत्याच घोडीवर आपटते. म्हणून संतूरला रिक्षाचा आरसा बसवलाय. त्यात तबलजी प्रत्यक्षापेक्षा शांत दिसतो.

संतूरवादक उल्हास बापटांनी बाराही स्वर वाद्यावर बसवून राग बदलताना पुन्हा जुळवायची कटकटच मिटवली. काका कानाची पाळी धरून त्यांचं नाव घेतात; पद्धत मात्र घेत नाहीत. "मग दोन रागांच्या मधे करायचं काय?" हा प्रश्न ते मनापासून विचारतात. त्यांच्या मैफिलीत श्रोते त्या वेळात खाली जाऊन वडापाव खाऊन येतात. त्यांना वर बोलावणारी घंटा काकांनी केलीय, पण तीही वाद्याच्या षड्जात लावायची असल्यामुळे अजून वाजलेली नाही.

घरात चालू स्थितीतलं उपकरण एकच, आणि ते काकूंचं: जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, चारही बाजूंनी नाड्या. दुपारी दोन वाजता ती संतूरवर चढते. नाड्यांची गाठ काकांना, इंजिनिअर असूनही, सुटत नाही.